खरा समतोल नेमका कशाला म्हणायचं?

ओतकाम (धागाकर्ता)

कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमध्ये (धातू ओतण्याच्या कारखान्यांत) तेहतीस वर्षं काढून निवृत्त झालो. एक प्रश्न नोकरीत असताना मनात आला तो अजून गेलेला नाही. इथे वेगवेगळ्या शास्त्रांतली मंडळी आहेत, म्हणून मांडतो.

धातुशास्त्राच्या पहिल्याच वर्षी लोह-कार्बन आकृती शिकवतात आणि तिला 'समतोल आकृती' म्हणतात. एका बाजूला शुद्ध लोखंड, दुसऱ्या बाजूला ६.६७ टक्के कार्बनचं सिमेंटाइट, म्हणजे लोखंडाचं कार्बाइड. मीही ती नव्या पोरांना कित्येक वर्षं फळ्यावर काढून दाखवली. पण सिमेंटाइट हा त्या व्यवस्थेचा खरा समतोल नाही. लोखंडात मावेनासा झालेला कार्बन शेवटी ग्रॅफाइट व्हायला हवा. खऱ्या समतोलाच्या रेषा वेगळ्या आहेत. पुस्तकात त्या तुटक काढतात आणि परीक्षेत कोणी विचारत नाही.

या दोन आकृत्यांमध्ये बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) गोठणबिंदूत फरक किती? कार्बाइडच्या बाजूने ११४७ अंश, ग्रॅफाइटच्या बाजूने ११५३-५४. जेमतेम सहा-सात अंश. आमचा सगळा धंदा या फटीत चालतो. कास्टिंगची पातळ कड भरभर थंड झाली की तापमान दोन्ही रेषांच्या खाली जातं, कार्बनला ग्रॅफाइट म्हणून जमायला वेळ मिळत नाही आणि कार्बाइड होतं. कड पांढरी आणि काचेसारखी कडक. मग मशीनशॉपवाला तुटलेलं टूल हातात घेऊन दारात उभा. सिलिकॉनने ही फट रुंदावते, म्हणून आपण सिलिकॉन सांभाळतो आणि ओतण्याआधी लेडलमध्ये (वितळलेल्या धातूच्या पळीत) ग्रॅफाइट जमायला मदत करणारं इनॉक्युलंट टाकतो. तरी खात्रीसाठी पाचरीसारखा नमुना ओतून हातोडीने फोडायचा: टोक पांढरं, बूड करडं. एकाच लेडलचं बीड, एका टोकाला एक समतोल आणि दुसऱ्या टोकाला दुसरा.

आता ते पांढरं टोक कपाटात ठेवलं तर माझ्या नातवंडांच्या नातवंडांनाही पांढरंच दिसेल. लोखंडी उल्कांमध्ये कोहेनाइट नावाचं असंच कार्बाइड सापडतं, त्या उल्का साडेचारशे कोटी वर्षांच्या. पण तोच पांढरा तुकडा ९०० अंशांच्या वर काही तास धरा, कार्बाइड फुटून ग्रॅफाइटचे गोळे होतात. मॅलिएबल बीड पूर्वी असंच करत. आणि कधी कधी ते कोणी न सांगता होतं. १९४३ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगडेलच्या वीजकेंद्रात वाफेची मोठी नळी वेल्डजवळ फुटली. पोलाद होतं, तापमान ५०० अंशांच्या आसपास, काही वर्षं बिनतक्रार चाललेलं. फुटलेल्या जागी पाहिलं तर कार्बाइडचं ग्रॅफाइट झालं होतं आणि त्याची साखळी वेल्डच्या कडेने लागली होती. खरा समतोल इतकी वर्षं वाट बघत होता.

म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी केली आहे. बाहेरचं येणंजाणं तोडा आणि थांबा. काही बदलतं का?

घरातलं उदाहरण घेतो. स्टीलच्या बंद बाटलीतलं पाणी खोलीच्या तापमानाला येतं आणि तिथेच राहतं. हा समतोल. माठातलं पाणी दिवसभर खोलीपेक्षा चार-पाच अंश थंड राहतं, आकडा हलत नाही, पण हा समतोल नव्हे. माठ पाझरतो, पाणी उडतं, उडताना दर ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं आणि खोलीतून तेवढीच आत येत राहते. पाझर बंद करा, माठ तासाभरात कोमट व्हायला लागेल. आणि तिसरी जात त्या पांढऱ्या बिडाची: येणंजाणं काहीच नाही, तरी समतोल नाही, फक्त वाट अडली आहे.

तिन्हींना आपण बोलताना 'स्थिर' म्हणतो. तुमच्या शास्त्रात 'समतोल' म्हणतात तो यातला कुठला?

खडीसाखर

छान विषय. मी रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे तुमच्या तिसऱ्या जातीला मेटास्टेबल म्हणतात, आणि घराघरात ती आहे. मधाची बाटली हिवाळ्यात गोठली की लोक म्हणतात साखर मिसळली. खरं तर बहुतेक मध हा ग्लुकोजचं अतिसंपृक्त द्रावण असतो. पातळ होता तेव्हाच तो समतोलात नव्हता. दाणे पडले म्हणजे तो समतोलाकडे निघाला. पाकात साखरेचा एक कण पडला की अख्खा पाक कसा पालटतो हे लाडू करणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. लिंबू पिळायचं कारणही तेच, साखरेचे काही रेणू फुटतात आणि दाणा धरायला अडचण होते.

हिरा तर सगळ्यात मोठा. खोलीच्या तापमानाला आणि दाबाला ग्रॅफाइट हिऱ्यापेक्षा स्थिर आहे, मोलमागे साधारण २.९ किलोज्यूलने. तरी कोणाच्या अंगठीचं शिसपेन्सिल झालेलं नाही.

मात्र एक दुरुस्ती. तुमच्या कसोटीत 'काही बदलतं का' असं आहे. समतोल म्हणजे सगळं थांबलेलं असं त्यातून वाटेल. संपृक्त मिठाच्या पाण्यात तळाशी खडा असेल तर तो खडा सतत विरघळत असतो आणि त्याच वेगाने पुन्हा जमतही असतो. किरणोत्सारी अणूंची खूण लावून हे दाखवता येतं: खूण केलेले अणू हळूहळू खड्यातून पाण्यात आणि पाण्यातून खड्यात पसरतात, वजन मात्र तेवढंच. गुल्डबर्ग आणि वागे यांनी १८६४ मध्ये वस्तुमानक्रियेचा नियम मांडला तो याच दोन वेगांच्या बरोबरीतून पुढे उलगडत गेला. मोजमाप थांबतं, रेणू थांबत नाहीत.

शून्यबिंदू

खडीसाखर ताईंच्या मुद्द्याला जोडून. दोन वेग बरोबर असणं एवढ्यानेही भागत नाही, आणि माझ्या मते हीच खऱ्या समतोलाची सर्वांत कडक अट आहे.

अ, ब, क अशी तीन गावं घ्या. रोज शंभर माणसं अ मधून ब ला, शंभर ब मधून क ला, शंभर क मधून अ ला. तिन्ही गावांची लोकसंख्या कायम. पण माणसं गोल फिरताहेत, आणि त्यांना फिरवणारं काहीतरी असलंच पाहिजे. खऱ्या समतोलात अ ते ब जेवढी जातात तेवढीच ब ते अ परत येतात, आणि हे प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्रपणे खरं असतं. याला तपशीलवार समतोल म्हणू. लार्स ऑनसागरने १९३१ मध्ये त्यावर जो सिद्धान्त उभा केला त्यासाठी त्याला १९६८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे ओतकाम, येणंजाणं न तोडताही ओळखता येतं: आतमध्ये कुठे एकाच दिशेने फेरा चाललाय का बघा. फेरा असेल तर समतोल नाही.

या अटीवर पृथ्वी नापास होते. सूर्याकडून वर्षभराच्या सरासरीने दर चौरस मीटरला सुमारे २४० वॅट शोषले जातात, आणि जवळपास तेवढेच अवरक्त किरणांतून बाहेर जातात. जवळपास, कारण सध्या बाहेर थोडं कमी जातंय आणि ती तूट समुद्र साठवताहेत. आत येणारा प्रकाश ५८०० केल्विनच्या पृष्ठभागावरून येतो, बाहेरचं अवकाश २.७ केल्विन. वारा, पाऊस, तुमचा माठ, सगळं या फरकावर चालतं.

ताऱ्यांच्या आत मात्र गंमत वेगळी आहे. तारा अख्खा समतोलात नसतो, उष्णता केंद्राकडून बाहेर वाहतच असते. पण आतला छोटा भाग घेतला तर अणू एकमेकांवर इतक्या वेळा आदळतात की तिथल्यापुरता समतोल साधलेला असतो. मेघनाद साहांनी १९२० मध्ये याच आधारावर आयनीभवनाचं समीकरण दिलं, तापमान आणि दाब सांगा, किती अणूंचा इलेक्ट्रॉन सुटला ते सांगतो. ते वापरून सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. एक स्थानिक समतोल गृहीत धरला म्हणून विश्व कशाचं बनलंय ते कळलं.

आणि ओतकाम, तुमच्यासाठी खास. विश्वाच्या सुरुवातीच्या काही मिनिटांत प्रसरण इतकं वेगवान होतं की अणुकेंद्रांना समतोलापर्यंत पोचायला वेळ मिळाला नाही. वस्तुमानाने साधारण पाऊण हायड्रोजन, पाव हीलियम एवढ्यावर ते गोठलं. तुमच्या पातळ कडेसारखंच. पुरेसा वेळ मिळाला असता तर सगळं लोखंडाच्या आसपास जाऊन थांबलं असतं. फ्रीमन डायसन यांनी १९७९ मध्ये हिशेब मांडला होता: प्रोटॉन टिकाऊ असेल तर सगळं थंड द्रव्य १० चा १५०० वा घात इतक्या वर्षांत लोखंड होईल. ताऱ्यांत जळतो आहे तो हायड्रोजन ही विश्वाची मेटास्टेबल अवस्था आहे.

ओतकाम

शून्यबिंदू, गावांचं उदाहरण वाचून उठून दोन फेऱ्या मारल्या. आयुष्यभर बीड ओतलं, विश्वालाही चिल (भरभर थंड होऊन पांढरी पडलेली कड) लागलाय हे आज कळलं. मनापासून आभार.

रात्रपाळी

अतिदक्षता विभागात काम करतो. आम्ही रोज नातेवाइकांना 'पेशंट स्टेबल आहे' सांगतो. या धाग्यानंतर तो शब्द उच्चारताना जास्त जपेन.

जिवंत पेशीच्या आत पोटॅशियम लिटरला सुमारे १४० मिलिमोल, बाहेर ४. सोडियम नेमकं उलट, बाहेर १४० च्या वर, आत १०-१५. पेशीच्या पडद्यातून दोन्ही गळत असतात. ही तफावत टिकवणारा पंप येन्स स्कोउ यांनी १९५७ मध्ये शोधला (नोबेल १९९७): एका फेऱ्यात तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, एक एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्च. शून्यबिंदूंचा एकाच दिशेचा फेरा हाच. विश्रांतीच्या पेशीचा विद्युतदाब उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. पोटॅशियमला समतोलासाठी उणे ९० हवा, सोडियमला अधिक ६०. दोघांपैकी एकालाही हवा तो मिळत नाही, आणि म्हणूनच मज्जातंतूला संदेश पाठवता येतो.

तुमची कसोटी, येणंजाणं तोडा आणि थांबा, मी पाहिली आहे. माणूस गेला की शरीर खोलीच्या तापमानाला येतं. एटीपी संपतं, स्नायू ताठरतात. पंप बंद, पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपू लागतं. डोळ्यातल्या द्रवात ते तासागणिक वाढत जातं, आणि मृत्यूची वेळ अंदाजायला न्यायवैद्यकात ते मोजतात. समतोलाकडे जाण्याच्या वाटेवर माणूस कुठवर पोचला यावरून तो कधी निघाला ते सांगतात. वॉल्टर कॅननने १९२६ मध्ये होमिओस्टॅसिस शब्द आणला तो याच्या विरुद्ध टोकासाठी. मराठीत आपण समस्थिती म्हणतो. तिला समतोल म्हणणं चूक आहे असं माझं ठाम मत आहे.

पण एक गोष्ट माझ्याच मताला छेद देते आणि ती लपवणार नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड, कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेट यांच्यात लाल पेशींतल्या एका एन्झाइममुळे क्षणार्धात खरा रासायनिक समतोल साधतो. म्हणून तर बायकार्बोनेट २४ आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० म्हटलं की पीएच ७.४ हे कागदावर काढता येतं. त्या समतोलाच्या एका टोकाला फुप्फुस सतत वायू बाहेर टाकतंय, दुसऱ्या टोकाला मूत्रपिंड. आत समतोल, बाहेरून प्रवाह. ताऱ्यांसारखंच.

ओळंबा

भूविज्ञानात 'किती थांबायचं' यावरच सगळं अडतं.

माझं नाव ज्यावरून घेतलंय तो किस्सा इथे शोभेल. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात हिमालयाजवळचं कलियाना आणि मध्य भारतातलं कलियानपूर या दोन ठाण्यांमधला अक्षांशाचा फरक दोन रीतींनी काढला, जमिनीवर त्रिकोण मोजून आणि ताऱ्यांवरून. उत्तरांत सुमारे ५.२ सेकंदांची तफावत (हे सेकंद कोनाचे, एका अंशाचे ३६०० भाग). हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार, ताऱ्यांची मोजणी ओळंब्यावर अवलंबून, म्हणून गणिती जॉन प्रॅट यांनी पर्वताच्या वस्तुमानाचा हिशेब केला. तर तफावत १५.९ सेकंद यायला हवी होती! एवढा मोठा पर्वत, पण ओढ एक तृतीयांश. १८५५ मध्येच जॉर्ज एअरी यांनी उत्तर दिलं: पर्वताला खाली हलक्या खडकाचं मूळ आहे, तो पाण्यातल्या ओंडक्यासारखा तरंगतो आहे. याला समस्थायित्व म्हणतात.

आता हा समतोल का? भूकंपाच्या आडव्या लहरी प्रावरणातून (भूकवचाखालच्या खडकाच्या जाड थरातून) जातात, म्हणजे सेकंदांच्या हिशेबाने ते घन आहे. हजारो वर्षांच्या हिशेबाने ते वाहतं. स्वीडन-फिनलंडमधल्या बॉथनियाच्या आखातावरचा बर्फ जाऊन दहा हजार वर्षं होत आली, आणि तिथली जमीन अजून वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर वर येतेय. क्वार्केनच्या किनाऱ्यावर समुद्रातून नवी बेटं निघतात, मासेमारांचे जुने धक्के कोरडे पडतात. भार उतरला तेव्हा सुरू झालेला समतोलाचा प्रवास आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे. हिमालय उभ्या दिशेने बराचसा समतोलात, पण भारतीय भूपट्ट रेटतोय आणि नद्या झिजवताहेत, त्या हिशेबाने अजिबात नाही. त्यामुळे 'समतोल आहे का' याला माझा उलट प्रश्न: कशाच्या बाबतीत?

उन्हाळकांदा

निफाड तालुक्यातून. तुमच्या सगळ्यांचं वाचलं, आता बाजाराचं सांगतो. पोरगा अर्थशास्त्र शिकतोय, त्याच्या पुस्तकात मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा आणि छेदबिंदू म्हणजे समतोल भाव. मी म्हटलं, मला तो भाव लासलगावात दाखव.

कांदा पेरायचा ठरवतो तेव्हाचा भाव आणि विकतो तेव्हाचा भाव यात चार-सहा महिने असतात. उन्हाळ कांदा डिसेंबर-जानेवारीत लावायचा, मार्च-एप्रिलात काढायचा, कांदाचाळीत (साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये) भरून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत धरायचा. चाळीतही तो सडतो, वजन घटतं, म्हणजे थांबणंही फुकट नाही. भाव चढला की पुढच्या हंगामाला सगळे लावतात, मग पडतो, मग कोणी लावत नाही, मग चढतो. पोरगा म्हणाला, यालाही नाव आहे, कोळ्याच्या जाळ्याचं प्रमेय, काल्डोरने १९३४ मध्ये दिलेलं. कागदावर काढलं तर भाव छेदबिंदूभोवती गोल गोल फिरतो. गिऱ्हाईक भावाकडे बघून जेवढं हलतं त्यापेक्षा शेतकरी जास्त हलत असेल तर फेरा मोठा मोठा होत जातो, बिंदूवर येतच नाही. कांदा महाग झाला म्हणून घरात निम्मा होत नाही आणि स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही. मग आमचं गणित कुठल्या बाजूचं ते उघड आहे. त्यात डिसेंबर २०२३ सारखी अचानक निर्यातबंदी आली की रेषाच सरकते, आणि माल मात्र चाळीत तोच.

बिंदू कागदावर आहे हे मान्य. पण त्यावर कोणी कधी उभं राहिलं नसेल तर त्याला समतोल म्हणून आम्हाला काय मिळालं?

खडीसाखर

दादा, तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. एक भेद सुचतो. बिंदू असणं वेगळं आणि त्याच्याकडे परत ओढणारं काही असणं वेगळं. टोकावर उभी केलेली पेन्सिलही गणिताने समतोलात असते.

मोहफूल

याच भेदाचं आमच्या शास्त्रातलं उदाहरण. हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे दाखवलं की निवड, स्थलांतर, उत्परिवर्तन नसेल, समाज मोठा असेल आणि लग्नं जनुक पाहून होत नसतील तर जनुकांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतं. याला समतोल म्हणतात, पण इथे परत ओढणारं काहीच नाही. प्रमाण कशानेही बदललं तर नव्या जागीच राहील, सपाट फरशीवरच्या गोटीसारखं.

सिकलसेलचं वेगळं आहे. मी विदर्भात काम करते, इथल्या आणि नंदुरबारकडच्या अनेक समाजांत हे जनुक आहे. दोन प्रती असल्या तर वेदनांचा गंभीर आजार, एक असेल तर जीवघेण्या मलेरियापासून बचाव. जनुक फार वाढलं की आजार ते कमी करतो, फार घटलं की मलेरिया वाढवतो. ही खोलगट वाटीतली गोटी, आणि वाटी मलेरियाने कोरलेली. मलेरिया हटला तरी गोटी लगेच हलत नाही, पिढ्या लागतात. दवाखान्यात आज दिसणारी मुलं एका जुन्या समतोलाची किंमत मोजताहेत. त्यामुळे निसर्गाचा समतोल हा शब्द कोणी कौतुकाने वापरला की मला त्रास होतो.

ओतकाम

सगळ्यांचं दोनदा वाचलं. माझी कसोटी दोन ठिकाणी तोकडी पडते हे मान्य करतो. एक, किती थांबायचं हे तिच्यात नाही. दुसरं, उन्हाळकांदांच्या बाजाराला ती लागूच होत नाही. बाजाराचं येणंजाणं तोडलं तर बाजारच उरत नाही. तिथे खाली ओढणारी ऊर्जा नाही, माणसाचा अंदाज आहे, आणि बिडाला पुढच्या हंगामाचा अंदाज नसतो. तरी तीन जाती वेगळ्या ठेवण्याचा माझा आग्रह कायम आहे. फाउंड्रीत मेटास्टेबलला समतोल समजलं की वाफेची नळी फुटते.

सातवी_ब

इतक्या जाणकारांत लिहायला संकोच वाटतो, पण मुलीला माठाचं सांगितलं आणि तिचा विश्वास बसला नाही. ती म्हणते, मातीच थंड असते. घरी करून दाखवता येईल का?

ओतकाम

जरूर. सारखे दोन माठ, सारखं पाणी, एकाच खोलीत. एकाला बाहेरून प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा, पाझर अडला पाहिजे. रात्री भरा, सकाळी दोन्हींचं आणि स्टीलच्या बंद बाटलीचं तापमान एकाच थर्मामीटरने घ्या. जमलं तर उघड्या माठाचं वजन रात्री आणि सकाळी करा, किती पाणी उडालं ते तिलाच वजा करू द्या. माती दोन्हीकडे तीच आहे.

सातवी_ब

काल केलं. बाटली २९, उघडा माठ २४, पिशवीतला माठ २८. उघड्याचं वजन १९० ग्रॅमने कमी. मातीचं म्हणणं तिने मागे घेतलं, पण आता विचारते की पिशवीतला बाटलीपेक्षा एक अंशाने कमी का. तिचं स्वतःचंच उत्तर असं की पिशवी पोटाला बांधली होती, तोंड उघडं राहिलं. आज तोंडही बांधलंय. सकाळी कळवतो.